पाठ्यपुस्तकातले पोलाद : एक ओळ, एक दोर आणि एक आलेख

अकरावीच्या विद्यार्थ्याची पोलादाशी पहिली शास्त्रीय ओळख एका तक्त्यातून होते. एनसीईआरटीच्या भौतिकीच्या पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग घन पदार्थांच्या यांत्रिक गुणधर्मांच्या प्रकरणाने सुरू होतो. त्या प्रकरणात अॅल्युमिनियम, तांबे, काच, काँक्रीट, लाकूड, हाड अशा पदार्थांच्या रांगेत पोलादाच्या वाट्याला एक ओळ आली आहे. घनता ७८६० किलोग्रॅम प्रति घनमीटर, यंगचा गुणांक २०० गिगापास्कल, अंतिम सामर्थ्य ४०० मेगापास्कल, यील्ड सामर्थ्य २५० मेगापास्कल. नीट आणि जेईईच्या तयारीमुळे महाराष्ट्रात राज्य मंडळाची मुलेही हे पुस्तक वापरतात, तेव्हा या ओळीकडे आपण शिक्षकांनी जरा बारकाईने पाहायला हरकत नाही.

'यील्ड' म्हणजे ज्या प्रतिबलाला पोलाद हार मानते आणि भार काढला तरी पूर्वीच्या लांबीवर परत येत नाही, ते प्रतिबल. कारखान्यात आणि बांधकामावर सगळे 'यील्ड'च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. अंतिम सामर्थ्य म्हणजे तुटण्यापूर्वी पदार्थ जास्तीत जास्त जेवढे प्रतिबल पेलतो तेवढे. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या, समजा १०० चौरस मिलिमीटरच्या, छेदाची पट्टी २५,००० न्यूटनला, साधारण अडीच टन वजनाला, हार मानेल आणि चार टनांना तुटेल.

प्रथम हे सांगायला हवे की हे प्रकरण एकंदरीत चांगले आहे. तुळईची जाडी वाढवली की तिचे लवणे उभ्या मापाच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, म्हणून रुळाचा आणि गर्डरचा छेद इंग्रजी 'आय' अक्षरासारखा असतो, हे त्यात फार नेटके सांगितले आहे. सूत्र सांगून तिथेच न थांबता पूल, खांब, क्रेन, डोंगर यांच्याकडे विद्यार्थ्याला नेणारी पाठ्यपुस्तके आपल्याकडे थोडीच आहेत. पण नेमके क्रेनपाशी पोहोचल्यावर पुस्तकाची वाट चुकते. आणि ही चूक छपाईची नाही. यील्ड आणि अंतिम सामर्थ्य हे दोन आकडे शेजारी छापले, पण दोन का, कुठला कधी वापरायचा आणि दोघांमधल्या अंतराचे काय करायचे, हे कुठेच सांगितले नाही. त्यातून ती आली आहे.

उदाहरण असे आहे. १० टन वजन उचलणाऱ्या क्रेनचा दोर किती जाड हवा? दोर कायमचा ताणला जाऊ नये, म्हणून पुस्तक यील्ड सामर्थ्य घेते. तक्ता पाहा असे म्हणून सौम्य पोलादाचे यील्ड सामर्थ्य सुमारे ३०० मेगापास्कल धरते, तर त्याच तक्त्यात २५० छापलेले आहे. जागरूक विद्यार्थी इथेच अडखळतो, आणि अडखळावेही. सुमारे एक लाख न्यूटनला ३०० ने भागले की ३३० चौरस मिलिमीटरच्या आसपास क्षेत्रफळ येते, म्हणजे त्रिज्या १ सेंटिमीटर. मग सुरक्षिततेसाठी भार दहापट धरायचा, म्हणजे त्रिज्या सुमारे ३ सेंटिमीटर. एवढी जाड एकच तार म्हणजे सळईच झाली, म्हणून दोर बारीक तारांचा वळतात, असा शेवट. हा शेवट बरोबर आहे. त्याच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रत्यक्षापासून दूर आहे.

क्रेनचा दोर सौम्य पोलादाचा नसतोच. सौम्य पोलादात कार्बन साधारण ०.२ टक्के असतो. दोराच्या तारेत तो ०.७ ते ०.८ टक्क्यांच्या घरात असतो, आणि ती तार थंड अवस्थेतच एकाहून एक लहान छिद्रांच्या डायमधून खेचून बारीक केलेली असते. अशा तारेचे अंतिम सामर्थ्य १५७०, १७७०, १९६० मेगापास्कल अशा ठरलेल्या पायऱ्यांनी विकले जाते. तक्त्यातल्या ४०० च्या चौपट-पाचपट! आणि दोराचा हिशेब यील्डवर करतच नाहीत, तो तुटण्याच्या भारावर करतात. याचे कारण मोठे बोलके आहे. खेचलेल्या तारेला ठळक यील्ड बिंदू उरलेलाच नसतो. तिचा आलेख सरळ रेषेपासून हळूहळू वाकत जातो आणि हार मानणे व तुटणे यांत अंतर थोडेच राहते. पूर्वसूचना देऊन मग तुटणे हा त्या तारेचा स्वभाव नाही. म्हणून तुटण्याच्या भाराला पाच किंवा त्याहून मोठ्या अंकाने भागून दोराला वजन देतात.

हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. १० टनांची पाचपट म्हणजे सुमारे ४९० किलोन्यूटन. १७७० मेगापास्कलच्या तारांचा, सहा पेडांचा, पोलादी गाभ्याचा दोर घेतला, तर पेडांमधली पोकळी आणि वळणामुळे होणारी घट धरून सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचा दोर पुरतो. पुस्तकाचा दोर ६ सेंटिमीटरहून जाड येतो. शिवाय खऱ्या क्रेनमध्ये दोर कप्प्यांवरून अनेक फेरे घेतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यावर भार आणखी कमी. 'दहापट' कशासाठी, हेही पुस्तक सांगत नाही. दोर कप्पीवरून जाताना सतत वाकतो आणि सरळ होतो, तारा झिजतात, एकेक करून तुटतात, भार धक्क्याने उचलला जातो, हे सगळे त्या सुरक्षा-गुणकात दडलेले असते. तपासनीस दोराच्या ठराविक लांबीत तुटलेल्या तारा मोजतो आणि संख्या मर्यादेबाहेर गेली की दोर बाद करतो. मुलांना हे सांगितले तर तो गुणक त्यांना लहरीपणा वाटणार नाही.

आता पुन्हा तक्त्याकडे. घनता, यंगचा गुणांक, अंतिम सामर्थ्य, यील्ड सामर्थ्य हे चार स्तंभ एकाच तक्त्यात मांडल्यामुळे विद्यार्थ्याचा असा समज होतो की चारही आकडे 'पोलाद' या पदार्थाचे, एकाच दर्जाचे गुणधर्म आहेत. तसे नाही. हेच आकडे हॅलिडे आणि रेस्निक यांच्या प्रसिद्ध पुस्तकातही सापडतात. फरक इतकाच की तिथे पोलादाच्या शेजारी एक खूण आहे आणि तळटिपेत म्हटले आहे की हे बांधकामाचे 'ए ३६' प्रतीचे पोलाद. ए ३६ ही अमेरिकन प्रत. तिच्या नावातले ३६ म्हणजे प्रति चौरस इंच ३६ हजार पौंड हे किमान यील्ड, म्हणजेच आपले २५० मेगापास्कल. एवढीशी तळटीप गळाली आणि एका प्रतीचा आकडा सगळ्या पोलाद-जातीचा होऊन बसला.

पहिले दोन स्तंभ खरोखरच जवळजवळ सगळ्या बांधकामी पोलादांना सारखे असतात. गर्डर घ्या, स्लॅबमधली सळई घ्या, क्रेनच्या दोरातली एक तार सोडवून घ्या. यंगचा गुणांक २०० च्या आसपासच येणार, कारण तो लोहाच्या अणूंमधल्या बंधांच्या ताठपणावरून ठरतो आणि थोड्याशा कार्बनने किंवा मँगनीजने त्यात फारसा फरक पडत नाही. शेवटचे दोन स्तंभ मात्र पदार्थापेक्षा त्याच्या घडणीचे आहेत. स्फटिकातल्या अणूंच्या रांगा एकाच वेळी घसरत नाहीत. रांगेतला एखादा दोष, ज्याला विस्थान म्हणतात, तो गालिच्यावरच्या सुरकुतीसारखा पुढे सरकतो. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ साली स्वतंत्रपणे हे सुचवले. या सुरकुतीच्या वाटेत अडथळे घातले, म्हणजे कण बारीक केले, कार्बन वाढवला, थंड अवस्थेत पिळले, की यील्ड वाढते. बंध तेच राहतात, म्हणून ताठपणा तोच राहतो.

हे न कळल्याने एक गैरसमज पक्का होतो : जास्त प्रतीचे पोलाद वापरले की तुळई कमी लवेल. मुळीच नाही. तेवढ्याच मापाची तुळई २५० ऐवजी ४५० च्या पोलादाची केली, तरी त्याच भाराखाली ती तेवढीच लवेल. उलट 'आता पोलाद भारी आहे' म्हणून छेद लहान केला तर जास्तच लवेल.

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. बांधकामावरची सळ्या बांधायची मऊ तार आणि तेवढ्याच जाडीची स्प्रिंगची सरळ तार घ्या. जाडी दोन्हींची सारखीच हवी, कारण लवणे व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. समजा जाडी १ मिलिमीटर आहे. दोन्ही तारा टेबलाच्या कडेशी घट्ट दाबून १५ सेंटिमीटर बाहेर काढा आणि टोकाला १० ग्रॅम टांगा. दोन्हींचे टोक सुमारे ११ मिलिमीटर खाली येईल, मऊ तारेचेही आणि कडक तारेचेही. वजन काढले की दोन्ही जागेवर. आता ४० ग्रॅम टांगून काढा. स्प्रिंगची तार परत येईल, बांधणीची तार वाकलेलीच राहील. तक्त्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्तंभातला फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. मी तर म्हणेन की हा प्रयोग केल्याशिवाय तो तक्ता पाठ करायला देऊच नये.

आलेखाबद्दलही बोलले पाहिजे. प्रतिबल-विकृतीचा जो आलेख आपण फळ्यावर काढतो, त्यात सरळ रेषेला पानाचा बराच भाग मिळतो आणि मग एक वळण, एक उंचवटा, एक उतार. तो मापाने काढलेला नसतो. मापाने काढला तर काय होईल? २५० मेगापास्कलला २०० गिगापास्कलने भागले की यील्डच्या वेळची विकृती ०.१२५ टक्के येते. हे पोलाद तुटते ते सुमारे २५ टक्के लांबल्यावर. आडवा अक्ष २० सेंटिमीटरचा घेतला तर 'स्थितिस्थापक' भाग फक्त १ मिलिमीटरचा! पेन्सिलीच्या रेघेएवढा. त्यानंतर सपाट पट्टा साधारण १२ मिलिमीटरपर्यंत, आणि उरलेले १९ सेंटिमीटर यील्डच्या पलीकडचे. प्रकरणाचा बहुतेक भर त्या एका मिलिमीटरवर आहे. पण भूकंपात इमारत उभी राहते ती उरलेल्या १९ सेंटिमीटरांवर.

आलेखाखालचे एक विधानही तपासून घ्यावे लागेल. अंतिम सामर्थ्याचा बिंदू आणि तुटण्याचा बिंदू जवळ असतील तर पदार्थ ठिसूळ, लांब असतील तर तन्य, असे पुस्तक म्हणते. परीक्षेत हमखास विचारले जाणारे हे वाक्य आहे. पण त्या दोन बिंदूंमधला भाग म्हणजे नमुना एका जागी बारीक होऊन त्याला 'मान' पडते तेवढाच. तन्यता मोजायची ती यील्डपासून तुटण्यापर्यंत एकूण किती लांबला यावरून. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ साली शोधलेले मँगनीज-पोलाद घ्या. रेल्वेच्या क्रॉसिंगांसाठी ते वापरतात. ते खूप लांबते, पण जवळजवळ मान न पडता तुटते. म्हणजे दोन्ही बिंदू अगदी जवळ. पुस्तकाच्या कसोटीने ते ठिसूळ ठरेल, आणि प्रत्यक्षात ते चिवटपणासाठी नावाजलेले आहे.

आता खरा मुद्दा. २५० आणि ४०० यांच्यामधले १५० कशासाठी असतात?

अनेकांना वाटते, ती शिल्लक आहे. बँकेतल्या शिलकीसारखी, अडीअडचणीला काढायची. हे अर्धेच खरे आहे. एक पट्टी ताणली जात आहे असे समजा. सगळीकडे पोलाद अगदी सारखे नसते, म्हणून सर्वांत कमकुवत छेद आधी यील्ड होतो. पण यील्ड झालेले पोलाद लांबताना कठीणही होत जाते, म्हणजे त्या छेदाची पत वाढते. ती शेजारच्या छेदाच्या यील्डच्या वर गेली की आता शेजारचा छेद यील्ड होतो, मग त्याच्या पलीकडचा. लांबणे असे पसरत जाते आणि सबंध पट्टी थोडी थोडी लांबते. अंतिम सामर्थ्य यील्डच्या जेमतेम वर असेल तर पहिल्याच छेदाचे सामर्थ्य संपते आणि शेजाऱ्याला यील्ड व्हायची पाळीच येत नाही. सगळे लांबणे एका बोटभर जागेत होऊन पट्टी तुटते. एकाच पोलादाच्या लहान नमुन्यात २० टक्के लांबणे दिसले, तरी पूर्ण पट्टी जागच्या जागी तुटू शकते. म्हणजे ते १५० केवळ जादा ताकद नसतात. ताण एकाच जागी साचू न देता पसरवण्याचे काम तेच करतात. रुंद पट्टीतल्या लहान गोल भोकाच्या कडेला प्रतिबल सरासरीच्या तिप्पट होते, हे गणिताने सिद्ध आहे. काच तिथेच तडकते, बांधकामी पोलाद तेवढ्यापुरते यील्ड होऊन भार शेजाऱ्यांना वाटून देते.

अभियंते हे दोन आकडे कसे वापरतात ते पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय मानकात (२००७ ची आवृत्ती) दिसते. ताणल्या जाणाऱ्या पट्टीचे दोन हिशेब करायचे. पूर्ण छेदासाठी यील्ड घ्यायचे आणि १.१ ने भागायचे. बोल्टच्या भोकांपाशी उरलेल्या छेदासाठी अंतिम सामर्थ्याचा ०.९ भाग घेऊन १.२५ ने भागायचे. दोन्हींतले लहान ते खरे. असा भेद का? ३ मीटर लांबीची पट्टी सबंध यील्ड झाली तर सपाट पट्ट्याच्या शेवटाला ती ४५ मिलिमीटर लांबलेली असेल. तुटली नाही तरी छप्पर वेडेवाकडे झालेच. भोकाशेजारची दोन-चार सेंटिमीटर जागा यील्ड झाली तर मिलिमीटरच्या अंशाएवढाच फरक पडतो, म्हणून तिथे तुटण्याच्या जवळपास जायची मुभा आहे. पण तुटणे अचानक असते, म्हणून भाजक मोठा.

आकडे घालून पाहू. १०० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड पट्टी, यील्ड २५०, अंतिम ४१०. पूर्ण छेद १००० चौरस मिलिमीटर, म्हणून पहिल्या हिशेबाने २२७ किलोन्यूटन. २२ मिलिमीटरचे एक भोक पाडले तर उरले ७८०, म्हणून दुसऱ्या हिशेबाने २३० किलोन्यूटन. पट्टी तुटण्याआधी लांबेल, म्हणजे इशारा देईल. आता त्याच छेदात शेजारी दुसरे भोक पाडा. उरले ५६०, उत्तर १६५ किलोन्यूटन. पट्टीचे शरीर यील्ड होण्याच्या कितीतरी आधी ती भोकांशी तुटेल. एका जादा भोकाने पट्टीचा स्वभावच बदलला. अकरावीच्या मुलाला न समजण्यासारखे यात काहीही नाही. क्रेनच्या उदाहरणाच्या जागी हे एक उदाहरण आले असते तरी दोन्ही स्तंभ सार्थकी लागले असते.

नावांचा घोळ शिक्षकांनी माहीत करून घ्यावा, कारण मुले बांधकामावर वाचून प्रश्न आणतात. पूर्वी गर्डर-प्लेटांच्या पोलादाला 'एफई ४१०' म्हणत. त्यातले ४१० हे अंतिम सामर्थ्य. सळईला म्हणतात 'एफई ४१५', आणि त्यातले ४१५ हे यील्ड! वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटणार, पण एकाचे यील्ड २५० आणि दुसऱ्याचे ४१५. आयएस २०६२ या मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत गर्डरच्या पोलादाचे नाव यील्डवरून 'ई २५०' झाले. जर्मनीतले जुने 'एसटी ३७' असेच अंतिम सामर्थ्यावरून होते, त्याचे पुढे युरोपीय मानकात 'एस २३५' झाले, यील्डवरून. ई २५० चे यील्डही सर्वत्र २५० नसते. २० मिलिमीटरहून जाड प्लेटला २४० आणि ४० हून जाडीला २३० धरतात, कारण जाड प्लेट कमी लाटली जाते, सावकाश निवते आणि तिचे कण मोठे राहतात.

सळ्यांकडे वळलो आहोत तर 'टॉर'ची आठवण काढली पाहिजे. १९७०-८० च्या दशकांत आपल्याकडची बहुतेक घरे या थंड पिळलेल्या सळ्यांवर उभी राहिली. पिळल्यामुळे यील्ड वाढले, पण आलेखावरचा तो सपाट पट्टा पुसला गेला. मग यील्ड कुठले म्हणायचे? भार काढल्यावर ०.२ टक्के कायमची विकृती उरेल ते प्रतिबल, असे ठरवले गेले. हा संकेत आहे, निसर्गातला बिंदू नव्हे. नंतर टीएमटी आल्या. लाटून झाल्यावर लगेच पाण्याच्या फवाऱ्याने सळईची कातडी कडक करतात आणि गाभा मऊ राहतो.

बांधकामावर आज सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "साहेब, पाचशेच्या जागी साडेपाचशे टाकू, जास्त मजबूत." ठेकेदार लबाडी करत असतो असे नाही. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगले, हेच आपण त्याला शाळेत शिकवले आहे. आयएस १७८६ हे सळ्यांचे मानक (२००८ ची आवृत्ती) उघडून पाहावे. एफई ४१५ चे अंतिम सामर्थ्य तिच्या प्रत्यक्ष यील्डहून किमान १० टक्के जास्त हवे, एफई ५०० चे ८ टक्के, एफई ५५० चे ६ टक्के. तुटताना किमान लांबणे अनुक्रमे १४.५, १२ आणि १० टक्के. यील्ड वर चढत जाते तसे ते मोलाचे अंतर आक्रसत जाते. म्हणूनच त्याच मानकात 'डी' अक्षराच्या प्रती आल्या. एफई ५००डी चे यील्ड तेच ५००, पण अंतर १० टक्के आणि लांबणे १६ टक्के. दुकानात त्या 'डी'ला महत्त्व देणारे गिऱ्हाईक विरळाच.

भूकंपाच्या दृष्टीने काँक्रीटच्या बांधकामाचे तपशील देणारे मानक आयएस १३९२० आहे. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत दोन अटी आहेत. सळईचे अंतिम सामर्थ्य प्रत्यक्ष यील्डच्या किमान १.१५ पट हवे, ही पहिली. दुसरी वाचून विद्यार्थी चकित होतात : प्रत्यक्ष यील्ड नावातल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. म्हणजे एफई ५०० म्हणून घेतलेली सळई चाचणीत ६०० च्या वर गेली, तर ती नापास! फार मजबूत निघाली म्हणून नापास.

यात विरोधाभास नाही. भौतिकीच्या शिक्षकाला फ्यूजचे उदाहरण पुरेल. ५ अँपिअरच्या जागी १५ अँपिअरची तार घातली तर फ्यूज 'मजबूत' होतो आणि घरातले वायरिंग जळते. भूकंपात इमारतीच्या तुळयांची टोके फ्यूजसारखी योजलेली असतात. त्यांनी आधी यील्ड व्हायचे, मागेपुढे वाकत ऊर्जा गिळायची, आणि खांब, सांधे शाबूत ठेवायचे. तुळईतले पोलाद योजल्यापेक्षा जास्त यील्डचे निघाले तर तुळई हार मानत नाही. तो भार पुढे सांध्यावर आणि खांबावर जातो, आणि ते तर नावातल्या आकड्याच्या हिशेबाने बांधलेले असतात.

हे प्रत्यक्ष घडले आहे, आणि तेही तक्त्यातल्या त्याच ए ३६ पोलादाबाबत. लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे १७ जानेवारी १९९४ रोजी भूकंप झाला. पोलादी सांगाड्याच्या इमारती भूकंपाला सर्वांत भरवशाच्या मानल्या जात. त्यांतली एकही कोसळली नाही, पण नंतर तपासणीत शंभरहून अधिक इमारतींत तुळई आणि खांब यांच्या वेल्ड केलेल्या सांध्यांना तडे सापडले, बरेचसे ठिसूळपणे गेलेले. वेल्डच्या धातूत चिवटपणा कमी होता आणि सांध्याची रचनाही सदोष होती, ही मोठी कारणे. पण आणखी एक होते. ए ३६ ला किमान यील्ड २५० ची अट होती, कमालीची नव्हती. कारखान्यातून येणारे पोलाद प्रत्यक्षात त्याच्या बरेच वर असे, ३३० किंवा त्याहूनही अधिक. कागदावर २५० ला हार मानणाऱ्या तुळया प्रत्यक्षात हार मानत नव्हत्या आणि वेल्डवर योजल्यापेक्षा जास्त ओढ येत होती. १९९८ साली अमेरिकेत 'ए ९९२' ही नवी प्रत आली, तिला यील्डची किमान मर्यादा ३४५ आणि कमाल मर्यादा ४५० मेगापास्कल, शिवाय यील्ड अंतिम सामर्थ्याच्या ८५ टक्क्यांहून जास्त नको ही अट. जपानने इमारतींसाठी ८० टक्क्यांची अशीच अट घालणारे 'एसएन' पोलाद १९९४ मध्येच मानकात आणले होते. नॉर्थरिजनंतर बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, कोबेचा भूकंप झाला.

तेव्हा 'पोलाद : ४००, २५०' ही ओळ चुकीची नाही. ती अपुरी आहे. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एका ओळीच्या तीन ओळी करता येतील : गर्डरचे पोलाद २००, ४१०, २५०, सळई २००, ५६५, ५००, दोराची तार २००, १७७०, आणि यील्डच्या घरात रिकामी आडवी रेघ. ती रेघ पाहून एखादा विद्यार्थी हात वर करील आणि विचारील की इथे आकडा का नाही. दोराचे उदाहरण ठेवायचेच असेल तर तारेच्या अंतिम सामर्थ्यावरून करावे. ठिसूळपणाची कसोटी मात्र बदललीच पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. बहुतेक तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत सळई ताणून तोडायचे यंत्र असते, आणि आधी विचारले तर तिथले शिक्षक शाळेच्या मुलांना ते आनंदाने दाखवतात. जाताना साध्या सौम्य पोलादाची एक गुळगुळीत सळई आणि टीएमटीचा एक तुकडा न्यावा, दोन्हींवर आधी चुन्याने समान अंतरावर खुणा कराव्यात. तुटल्यावर मुलांना खुणांमधली अंतरे मोजायला लावावीत : लांबणे कुठे पसरले आणि कुठे साचले ते त्यांनाच कळेल. तुटलेला तुकडा मात्र लगेच हातात घेऊ देऊ नये, मानेपाशी तो चांगलाच तापलेला असतो. का, ते त्यांनाच विचारावे.